लाल गाडीवर गेरूचा हात

माझी गाडी लाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण मधली काही वर्षं आमच्या आळीत तिच्या रंगावरून वाद होता. कोणी तिला गुलाबी म्हणायचं, कोणी विटकरी, आणि आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, तर सरळ म्हणायची की गाडीला बुरशी लागली. मी म्हणायचो, लाल आहे. घेतली तेव्हा लाल होती, म्हणजे लाल आहे. केस पांढरे झाले म्हणून माझं कोणी नाव बदललं नाही, मग गाडीचं काऊन बदलायचं?

आम्ही मुर्रीला राहतो. गोंदिया शहर आता वाढत वाढत आमच्या शेताच्या धुऱ्याला येऊन टेकलं आहे, पण दारातून उतरलं की अजून धानाची बांधी, भाताचं खाचर, लागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यातली बरीचशी गुरुजींची सायकल पुसण्यात गेली आणि खरं सांगतो, मला तेच आवडायचं. पुढे मी धानाच्या गिरणीत शेठची गाडी चालवायला लागलो. हीच ती गाडी. गोल डोळ्यांची, फुगीर पाठीची, जुन्या ठेवणीची. शेठनं दुसरी घेतली तेव्हा ही मी घेतली. फुकट मिळाली नाही, रोख देऊन घेतली, हेही लिहून ठेवतो. तेव्हा आमच्या आळीत चार चाकांचं दुसरं काहीच नव्हतं. बैलबंडीला दोनच चाकं असतात. शाळेत जाणारी पोरं थांबून तिच्या बोनटात स्वतःला जीभ काढून दाखवायची, इतकी ती चमकायची.

मग ती चिंचेखाली उभी राहू लागली. घराला लागून जागा नव्हती, चिंचेखाली सावली होती, म्हणून तिथं. आता लोक म्हणतात की चिंचेचा पाला आंबट असतो, पावसाच्या पाण्यासोबत तो रंग खातो. म्हणोत. मला विचाराल तर अर्धा रंग उन्हानं नेला, पाव पाखरांनी आणि बाकीचा शेजारच्या बकऱ्यांनी. बकऱ्यांना चिंचेची खालची फांदी पाहिजे होती, आणि त्या फांदीच्या आणि जमिनीच्या मधात माझी गाडी होती. बोनटावरून टपावर, टपावरून फांदीवर मान. उतरताना खुरं घसरायची. त्या ओरखड्यांची नक्षी मी कितीतरी वर्षं बघत आलो. बकऱ्यांच्या मालकिणीशी त्यावरून माझं अजूनही बोलणं नाही.

तरी गाडी चालत होती. इंजिनाला मी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. दिवाळी झाली की म्हातारीला घेऊन तिच्या माहेरी मंडईला जायचं, हा आमचा ठरलेला नेम. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस. ढोलकीच्या तालावर दंडार नाचते, ऊस, शेवचिवडा, जिलेबी, पाळणे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दूरदूरचे सगेसोयरे एका जागी भेटतात. म्हातारीचं माहेर बोदलकशाच्या अलीकडे, तिरोड्याच्या रस्त्यानं. तिथं तिचा मोठा भाऊ आहे. तो तिच्यापेक्षा बराच मोठा, आता काठीशिवाय उठत नाही. भाऊबीजेचं ती त्याला मंडईच्याच दिवशी ओवाळायची.

दोन वर्षांखाली त्या मंडईत एक गोष्ट झाली. गाडी त्यांच्या दारात उभी केली, म्हातारी उतरली, आणि तिची भावजय चार बायांच्या देखत म्हणाली, "अवो बाई, भाऊजीनं गाडी कुत्र्याकडून चाटवून आणली का?" बाया हसल्या. मीही हसलो, कारण मला वाटलं गंमत आहे. म्हातारी हसली नाही. परतीच्या वाटेवर ती तिरोड्यापासून मुर्रीपर्यंत एक शब्द बोलली नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, असं आधी कधी झालं नव्हतं. घरी आल्यावर चप्पल काढता काढता तिनं सांगितलं की या गाडीत बसून ती आता माहेरचं तोंड पाहणार नाही.

मला वाटलं, राग आहे, निवेल. पुढच्या वर्षी ती एस.टी.नं गेली. तिचे गुडघे तेव्हाच गेले होते. कंडक्टरनं वरून ओढलं, मी खालून ढकललं, आणि परत आली तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. महिनाभर तेल चोळलं. यंदा एस.टी.ची पायरी तिच्यानं चढणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. नवरात्र संपलं तसा पोरगा म्हणाला, गोंदियाहून भाड्याची जीप सांगतो, सगळे मिळून जाऊ. म्हातारी लगेच म्हणाली, सांग.

तुम्हीच सांगा, माझ्या दारात माझी गाडी उभी असताना माझी बायको भाड्याच्या जीपमध्ये बसून तिच्या भावाच्या दारात उतरणार. माझा साळा विचारणार, जवाईची गाडी कुठं आहे? मी काय सांगू, घरी चिंचेखाली झोपली आहे? मी म्हणालो, जीप येणार नाही. पोरगा म्हणाला, येईल. मी म्हणालो, मंडईच्या आधी मी ही गाडी लाल करून दाखवतो. तो हसला. म्हातारी हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला तिची अट सांगितली.

"भावजयीनं तोंडात बोट घातलं पाहिजे. तसं होत असंल त मी बसीन. नाही त जीप."

मी म्हणालो, ठीक. पोरानं जीप सांगून ठेवली, आणि मी गाडी चिंचेखालून काढली.

पहिल्यांदा गोंदियाला पेंटरकडे घेऊन गेलो. गाड्यांना रंग मारणारा चांगला कारागीर म्हणून त्याचं नाव आहे. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चाचा, पूरा खुरचना पडेगा. नया मारना पडेगा." मी म्हणालो, नवीन रंग मारला तर ती वेगळी गाडी होईल, मला हीच पाहिजे. वरचा थर मेला आहे, खाली लाल जिवंत आहे. त्यानं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणालो, मला माहीत आहे.  त्यानं मला घासायच्या मलमाचा डबा दिला, ज्याला हे लोक रबिंग म्हणतात, पाण्यात भिजवून घासायचा बारीक कागद दिला आणि एका लहानशा डबीत लाल रंग कालवून दिला. वर म्हणाला की हा मलम जाडा आहे, याच्यानंतर बारीक मलमाचा दुसरा डबाही लागेल, तोही घेऊन जा. मी म्हणालो, एक पुरे. दुकानदार नेहमी दोनच म्हणतात.

धानाची पोती ठेवायच्या पडवीत मी गाडी लावली. पत्र्याला ऊन लागलं की मलम वाळतो आणि घासताना डाग पडतात, म्हणून सावली पाहिजे. ते दिवस हलका, लवकर पिकणारा धान कापायचे. पोरगा रोज सकाळी विळा घेऊन निघताना पडवीकडे बघून सुनेला ऐकू जाईल असं म्हणायचा की धान बांधीत झडून राहिला आणि बा गाडीले न्हाऊ घालून राहिला. मी ऐकलं नाही असं करायचो. या वयात ते मला छान जमतं.

गाडीला खरंच न्हाऊ घातलं. आधी नुसतं पाणी, भरपूर, कारण धुळीत धानाची कुसं असतात आणि ती फडक्याखाली आली की नवीन ओरखडे. मग साबणाचं पाणी, मग पुन्हा नुसतं पाणी. वाळल्यावर एकेक ओरखडा बोटाखालून घेतला. त्याची रीत अशी की ओरखड्यावरून नख आडवं न्यायचं. नख सरळ निघून गेलं तर ओरखडा वरवरचा, घासून जाईल. नख अडकलं तर तो रंगाच्या आरपार गेला, तो भरावा लागेल. टपावर माझं नख पावलोपावली अडकलं. बकऱ्यांनी काम पक्कं केलं होतं.

मग ओल्या फडक्यावर मलम घेतला आणि दाराच्या एका कोपऱ्यात घासायला सुरुवात केली. थोड्या वेळानं फडकं पलटून पाहिलं तर ते लालभडक. मी पळत म्हातारीकडे गेलो. ती तांदूळ निवडत बसली होती. तिच्या नाकासमोर फडकं धरलं आणि म्हणालो, पाहा, लाल आहे का नाही?

तिनं फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लाल त फडक्याले आला. गाडीले काय राहिलं?"

तो विचार मला आला नव्हता. पण मी तिला तसं कळू दिलं नाही. म्हणालो, आत अजून खूप आहे. पडवीत परत येऊन दाराचा तो कोपरा पुसला तेव्हा जीव भांड्यात पडला. पांढऱ्या गुलाबी धुराळ्याखालून तळहाताएवढी लाल जागा वर आली होती. टमाट्यासारखी. मी कितीतरी वेळ त्या जागेसमोर उकिडवा बसलो. सून पाणी घेऊन आली, तिनंही पाहिलं, आणि ती म्हणाली, "अगं बाई, ही त खरंच लाल आहे." सून आमची खरं बोलणारी आहे.

त्यानंतर मी थांबलो नाही. एक हात दुखला की दुसरा. खुरांचे खोल ओरखडे आधी बारीक कागदानं साफ केले, मग आगकाडीच्या टोकानं डबीतला रंग एकेक थेंब भरला. एकदम भरला तर तो फुगतो, म्हणून थोडा भरायचा, वाळू द्यायचा, पुन्हा भरायचा. कठीण झाल्यावर कागद साबणाच्या पाण्यात बुडवून तो उंचवटा बाजूच्या रंगाच्या बरोबरीला आणायचा. कडांना हात हलका ठेवायचा, कारण कडेवर रंग आधीच पातळ असतो आणि एकदा पत्रा दिसला की गेलं काम. हे मला कोणी शिकवलं नाही. जिथं पातळ असतं तिथं जोर लावू नये एवढं कोणालाही कळतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सगळी गाडी घासून झाली. मी ती पडवीतून उन्हात काढली आणि माझं तोंड उतरलं.

लाल झाली होती. त्यात वाद नाही. पण ती आंधळी लाल होती. आरशावर तोंडाची वाफ सोडावी तशी. सावलीत बरी दिसायची, उन्हात आली की सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, जाड्या मलमानं पाडलेले. त्यात तोंड दिसणं दूर, चिंचेचं झाडही दिसत नव्हतं. मी मेण लावून पाहिलं. जाळं मेणाखाली होतं तसंच. मग सायकल काढून गोंदियाला गेलो, तो दुसरा डबा आणायला. पेंटरच्या दुकानाला कुलूप, दाराला झेंडूचं तोरण. भाऊबीज झाल्याशिवाय तो उघडणार नव्हता. बाजूच्या पानवाल्यानं सांगितलं की तो सासरी गेला. मी तसाच सायकल वळवून घरी आलो. घरी कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की पान खायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी गायगोधन. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गाईबैलांना धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर गेरूच्या हातांचे छापे उठवतात, खिचडी खाऊ घालतात. पूर्वी आमच्या गोठ्यात बैलजोडी होती, गाई होत्या. आता ट्रॅक्टर भाड्यानं येतो आणि गोठ्यात एकच गाय उरली. म्हातारीला एका गाईवर छापे उठवून चैन पडत नाही. दारात जे जे घरासाठी राबतं त्याला हात लावायचा, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. म्हणून गाईनंतर पोराच्या मोटारसायकलला हात, मग पाणी ओढायच्या पंपाला, मग धान मोजायच्या काट्याला. माझ्या गाडीलाही लागायचा. पण भावजयीच्या त्या बोलण्यानंतर तिनं गाडीला हात लावणं सोडलं होतं.

त्या सकाळी मी बांधीवर गेलो होतो. परत आलो तर अंगणात उभ्या गाडीच्या बोनटावर मधोमध गेरूचा पंजा. पाचही बोटं पसरलेली. पुढच्या दोन्ही दारांवर एकेक. आणि गेरू जवसाच्या तेलात कालवलेला, कारण नुसत्या पाण्यातला गाईच्या अंगावरून लवकर झडतो. मी इतके दिवस घासलेली गाडी, आणि तिच्या छातीवर तेलकट मातीचा हात.

मी अंगणातूनच ओरडलो की हे कोणाचं काम आहे. म्हातारी गोठ्याच्या दारात मोढ्यावर बसून गाईला खिचडी भरवत होती. तिनं मान वर केली नाही.

"माया हात आहे. गाडी नाही का राबत? राबते."

मी म्हणालो, दोन वर्षं राबत नव्हती काय? ती म्हणाली, "दोन वर्षं राग होता. आज नाही." मग तिनं घाईनं जोडलं, "हात लावला म्हणजे बसीन असं नाही सांगून राहिली मी. अट आहे ते आहे."

आता इथं मला थांबून सांगायचं आहे की मी तेव्हा खरोखर चिडलो होतो. पण चिडलेल्या माणसाच्याही आत काही कोपरे असतात, आणि तिच्या त्या 'आज नाही' म्हणण्यानं माझ्या एका कोपऱ्यात दिवा लागला होता. तो दिवा मी विझवला नाही, पण दाखवलाही नाही. तोंडानं बडबडत, फडकं घेऊन बोनटावरचा पंजा पुसायला लागलो. तेल असल्यामुळे तो निघेना. रागानं जोर लावला. गोल गोल, खूप वेळ, अगदी कोरडा होईपर्यंत. मग फडकं बाजूला केलं.

पंजाच्या जागी बोनट चमकत होतं.

जरासा फरफटलेला, बोटं एकात एक मिसळलेली, पण हातच होता तो. आजूबाजूला माझी आंधळी लाली आणि मधात हाताच्या मापाची नवी कोरी गाडी. कोळ्याचं जाळं तिथं नव्हतं. मी वाकून पाहिलं तर मला माझी मिशी दिसली. पांढरी, एकेक केस वेगळा.

मी दारावरच्या पंजाकडे गेलो. तोही तसाच घासला. तिथंही तेच. मग दोन्ही पंजांकडे आळीपाळीनं पाहत उभा राहिलो. मी गप्प झालो की घरात सगळ्यांना शंका येते. म्हातारीनं विचारलं, काय पाहून राहिले? मी म्हणालो, काही नाही. मग जरा वेळानं विचारलं, गेरू किती उरला आहे?

"कायले?"

"एखादी गाय राहिली असंल म्हणून."

ती मोढ्यावरून उठली, भिंत धरत धरत आली, बोनटावर वाकली. तिनं स्वतःच्या हाताचा छाप पाहिला, त्यात स्वतःचं तोंड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागली. हसता हसता गुडघा दुखायला लागला म्हणून गुडघा धरला, तरी हसू थांबेना. सून चुलीजवळून धावत आली. तिला वाटलं, सासूला काही झालं. काय झालं ते तिला गाडीनंच दाखवलं.

गेरू म्हणजे तरी काय, लाल माती. पण म्हातारी ती गाईसाठी कशी करते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. भिंतीला लावायची असेल तर कुटून एकदा गाळली की झालं. गाईची कातडी नाजूक, एखादा खडा राहिला तर ती अंग थरथरवते, म्हणून माती पाण्यात ढवळायची, खडे खाली बसू द्यायचे, वरचं लाल पाणी माझ्या जुन्या मऊ धोतरातून गाळायचं, ते निवळलं की खालचा साका सावलीत वाळवायचा आणि मग तेलात घोटायचा. बोटात घेतलं तर लोण्यासारखं लागतं. पेंटरच्या दुसऱ्या डब्यात याच्यापेक्षा वेगळं काय असणार होतं, मला सांगा. मी एकच डबा घेतला ते बरोबरच केलं होतं.

मग आमच्या अंगणात जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की मंडई, तुम्हीच ठरवा. म्हातारी मोढ्यावर बसून गेरू घोटायची. मी बोनट आणि टप घेतलं. सुनेनं दारं घेतली, आणि कबूल करतो, तिचा हात माझ्यापेक्षा लवकर चालत होता. पोरगा सुरुवातीला लांब उभा राहून म्हणाला की गाडीला गेरू लावणारं घर त्यानं पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला की मागची डिक्की नीट होऊन नाही राहिली. मग फडकं हातातून ओढून घेतलं आणि स्वतःच भिडला. म्हातारीही गप्प बसेना. मोढा सरकवत सरकवत ती चाकांवरच्या कमानींपर्यंत आली आणि शेणानं सारवावं तशी अर्धगोल हात फिरवायला लागली. मी म्हणालो, असं नाही, लहान लहान गोल पाहिजे. ती म्हणाली, मी जन्मभर सारवलं, तुम्ही कधी सारवलं? उन्हात पाहिलं तर तिच्या कमानी आणि माझं बोनट यांत काडीचा फरक नव्हता. 

भाऊबीजेला संध्याकाळच्या आधी आम्ही साबणाच्या पाण्यानं सगळं तेल उतरवलं, वाळवलं, मेण लावलं आणि गाडी उन्हात उभी केली. तिच्या अंगावर चिंच दिसत होती, पानापानासकट. आकाश दिसत होतं. शेजारची, बकऱ्यांवाली, कुंपणापाशी येऊन पाहून गेली. बोलली नाही, पण पाहून गेली.

मंडईच्या दिवशी सकाळी मी गाडी दाराशी लावली. तेवढ्यात गोंदियाहून जीपही आली. पोरगा गडबडीत तिला नाही म्हणायचं विसरला होता. दोन गाड्या समोरासमोर, मधात म्हातारी, जरीकाठाचं लुगडं, हातात ओवाळायचं ताट. जीपवाल्यानं भोंगा वाजवला. मी दार उघडून उभा राहिलो आणि दुसरीकडे बघू लागलो. 

ती माझ्या गाडीपाशी आली. लगेच बसली नाही. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली, परत आली, मग मागच्या दारासमोर थांबून त्यात पाहत पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला. मग जीपवाल्याला म्हणाली, "पोरायले अन् सामान घेऊन तू मागून ये. समोर निघू नको."

आणि पुढच्या सीटवर बसली. मी दार लावलं.

रस्त्यात ती फार बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. कोणी मोटारसायकलवाल्यानं वळून पाहिलं की ती खिडकीतून हात थोडा बाहेर काढायची. तिचं गाव आलं. भावाच्या दारात गाडी उभी केली तेव्हा अंगणात पाहुणे भरले होते. भावजय हात पुसत बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, मग नंबराच्या पाटीकडे, मग पुन्हा गाडीकडे. जवळ येऊन बोनटावर एक बोट ओढलं. त्या बोटाखालून तिचंच बोट तिच्याकडे येत होतं.

"बाई, नवीन घेतली का वं?"

मी घसा साफ केला. आता म्हातारी माझं नाव घेणार, कोण कोण काय म्हणालं आणि यायनं, म्हणजे मी, कसं करून दाखवलं हे सगळं सांगणार, असं धरून मी मिशीवरून हात फिरवला. म्हातारी सावकाश उतरली.

"तीच आहे जुनी," ती म्हणाली. "मी गेरूनं सारवली."

भावजयीचं बोट तोंडात गेलं. खरोखर गेलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी मधात तोंड घालून सांगायला लागलो की ओरखडे कोणी भरले, इतके दिवस कोण घासत होतं, पण बाया तोवर गेरू कसा गाळायचा ते विचारायला म्हातारीभोवती जमल्या होत्या. तिचं गाळण्याचं सांगून झालं तेव्हा तिनं गर्दीतून माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली की यायनं बी मेहनत केली, जरा. जरा. तो शब्द मी अजून विसरलो नाही.

तिनं भावाला ओवाळलं. तो पलंगावर बसून होता. दंडारीच्या ढोलकीचा आवाज घरापर्यंत येत होता आणि त्याची मान त्या तालावर हलत होती. मागच्या वर्षी तो मंडईच्या मैदानापर्यंत चालू शकला नव्हता. घरीच पडून ऐकत राहिला. म्हातारीनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, चल. गाडी आहे."

पोरानं आणि मी त्याला धरून आणलं. पुढची सीट तिनं त्याला दिली, स्वतः मागं बसली. भावजयही लुगडं आवरत तिच्या बाजूला बसली, कोणी बोलावलं नव्हतं तरी. गल्ली अरुंद, माणसं भरलेली, ऊसवाले, फुगेवाले. मी भोंगा वाजवला नाही. लोक आपोआप बाजूला होत होते आणि गाडीच्या अंगावरून स्वतःला जाताना पाहत होते. साळ्यानं कोपर खिडकीवर ठेवलं. ओळखीचा कोणी दिसला की तो काठी वर करायचा. दंडार नाचत होती तिथं पोचलो तेव्हा नाचणाऱ्यांनीही वाट दिली, आणि तो तालावर बोटं दारावर वाजवू लागला. माझ्या ताज्या मेणावर. 

मैदानाचं टोक आलं. तिथून गाडी वळवून घराकडे न्यायची होती. मागून म्हातारी म्हणाली, "एवढ्या लवकर कायले? अजून एक चक्कर मारा. अन् जरा हळू चालवा, त्या बाजूच्यांनी पाहिलं नाही."

मी हळू केली आणि गाडी त्या बाजूला वळवली.